झेंडूची चौकट

१२ डिसेंबर, शुक्रवार. पाथर्डी.

ताई आणि दाजी ऊसतोडीला गेल्यापासून सात वर्षांची भाची परी माझ्याकडे आहे. तिला टी-शर्टावर आई-पप्पांचा फोटो हवा होता. आज घरीच ट्रान्स्फर कागदावर छापला आणि इस्त्रीने उमटवला. नुसता फोटो ओकाबोका दिसत होता, म्हणून मोबाईलमधली झेंडूची गोल चौकट घातली. चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सची थट्टा करणारे विनोदी लेख लिहून मी नाव कमावले, आणि नेमकी तीच चौकट मला ओळखू येऊ नये?

परी तो टी-शर्ट घालून मिरवायला बाहेर गेली. शेजारच्या सखूकाकूंनी पाहिले आणि पदर तोंडाला लावला.

"अगं बया, दोघं बी? कवा झालं गं?"

मी धावलो. "काकू, जित्ती हायत ती. तोडीला गेल्यात."

"मग फुलं कशाला वाहिलीस, मुडद्या?"

परीने मान खाली घालून त्या झेंडूकडे बघितले. मग माझ्याकडे.

"मामा, तू खोटं सांगितलंस का? तोडीला गेलेत म्हणून?"

ताईला फोन लावला. बंद. फडात चार्जिंगचे वांधे असतात, हे मला कळते. परीला कसे कळावे? पाच वेळा लावला, पाचही वेळा बंद, आणि ती शेजारी उभी राहून ऐकत होती. टी-शर्ट काढ म्हटले, तर दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरला.

रोज जेवताना ती विचारते, आई कधी येणार. आज विचारले नाही.