ओढ्यापलीकडे कोण राहायचं

अण्णा,

गेल्या रविवारी मी आणि तुमची नात एक गाव बघायला गेलो होतो. हे ऐकून तुम्ही चष्म्यावरून कसे बघाल ते मला माहीत आहे. "गावात बघायचं काय असतं?" असं विचाराल आणि उत्तराची वाटही बघणार नाही. पण इथे इंग्लंडात लोक सुट्टीच्या दिवशी मुद्दाम जुनी गावं बघायला जातात. तिथे चहा पितात, गवताने शाकारलेल्या घरांचे फोटो काढतात आणि तसं जगणं आता राहिलं नाही म्हणून हळहळतात. तुम्ही म्हणाला असतात, राहिलं नाही ते बरंच झालं.

तुम्ही गेलात तेव्हा ती रांगतही नव्हती. आता दक्षिणेकडच्या एका लहानशा शहरात शाळेत शिकवते. मी लीड्सहून शनिवार-रविवार तिच्याकडे गेले आणि नेमका तेव्हाच बर्फ पडला. आमच्या उत्तरेत बर्फाचं कुणाला कौतुक नाही. हॉस्पिटलच्या फार्मसीत मला बर्फ असो नसो वेळेवर हजर व्हावं लागतं. दक्षिणेत तो क्वचितच पडतो, त्यामुळे चार बोटं बर्फात तिथली माणसं पार बावचळून जातात. दुकानातला पाव संपलेला, बसगाड्या बंद आणि चांगली पोक्त माणसं चहाच्या ट्रेवर बसून उतारावरून घसरतायत. ती म्हणाली, "आई, तुझी ट्रेन तर कॅन्सल झाली. आता चल ना, ते ओल्ड व्हिलेज इथून जवळच आहे. स्नोमध्ये कसली सुंदर दिसेल ती!" मराठी अशीच बोलते ती, धडपडत. पण माझ्याशी बोलताना हट्टाने मराठीच बोलते. आम्ही हातात हात घालून, पाय जपत चालत गेलो.

गाव खरंच सुंदर होतं, अण्णा, ते मी नाकारणार नाही. मधाच्या रंगाच्या दगडाची घरं, मधून वाहणारा ओढा, त्यावर बुटका पूल, टोकाला चर्च. जुनेपण बिघडू नये म्हणून विजेच्या ताराही जमिनीखालून नेलेल्या. त्या सगळ्यावर बर्फ. गाव दाखवायला एक बाई येतात, सत्तरी ओलांडलेल्या, लाल लोकरी टोपी आणि गुडघ्यापर्यंत गमबूट. बाकीच्या लोकांनी येणं रद्द केलं होतं. आम्हां दोघींना बघून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी चर्चच्या घंटेपासून कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत काही म्हणून सोडलं नाही. माझं मात्र अर्धं लक्ष दुसरीकडे होतं. पुलावर उभी राहून मी सूर्य कुठे आहे ते बघितलं, मनातल्या मनात पूर्व ठरवली आणि विचारलं, "ओढ्यापलीकडे कोण राहायचं?"

बाईंनी तिकडे बघितलं. "तिकडे? तिकडे कुणी नाही, डिअर. तो कार पार्क आहे."

नात खळखळून हसली आणि मग माझा चेहरा बघून थांबली.

काय करू? डोळ्यांना सवय तुम्हीच लावलीत. तुम्ही एसटीत कंडक्टर. शाळेला सुट्टी असली की मी तुमच्या गाडीत पुढच्या बाकावर, खिडकीशी. तुम्ही दांड्यावर तिकिटांचा चिमटा वाजवत येता, सुट्टे पैसे नसलेल्या कुणाला तरी दोन शब्द सुनावता आणि माझ्याजवळ आल्यावर वाकून हळूच विचारता, "आपली वस्ती कुठं, सांग." गाडी वाटेतल्या कुठल्याशा गावाशी आलेली असते. देवळाचा कळस, शाळा, पाण्याची टाकी हे सगळं एका अंगाला. मी दुसऱ्या अंगाला बघते. ओढ्याच्या पलीकडे, बहुतेक पूर्वेला, ठेंगणी घरं. मी बोट दाखवते. तुम्ही नुसती मान हलवता आणि घंटी मारता. पूर्वेलाच का, ते तुम्ही मला मोठी झाल्यावर सांगितलंत. वारा पश्चिमेकडून येतो. आपल्या अंगावरून गेलेला वारासुद्धा गावाला चालत नव्हता.

आणि तो निबंध! 'माझे गाव'. मी वर्गातल्या सगळ्यांसारखाच लिहिला होता, नदी, देऊळ, पार, प्रेमळ माणसं. शाळेतल्या बाईंनी छान शेरा दिला म्हणून नाचत तुमच्याकडे आणला. तुम्ही नुकतीच ड्यूटी संपवून आला होतात, खाकी शर्टाची बटणं काढत होतात. उभ्याउभ्याच वाचलात आणि म्हणालात, "छान आहे. यात आपण कुठं राहतो?" आईने स्वयंपाकघरातून "अहो, लहान आहे ती," म्हटलं. तुम्ही आवाज चढवला नाहीत. एवढंच म्हणालात, "आपलं गाव आपण सोडलं. धर्म सोडला तसंच गावही सोडलं. माझ्या पोरांनी तिथं पाय ठेवायचा नाही." मी आजवर ठेवलेला नाही. कुणी विचारलं तर पुणे सांगते.

ओढ्यापलीकडचं का विचारलं ते मला गाव दाखवणाऱ्या बाईंना समजावून सांगावं लागलं. आधी नातीला मराठीत, मग त्यांना इंग्रजीत. जात म्हणजे काय ते पुलावर थंडीने कुडकुडत सांगणं सोपं नाही. त्यांनी मध्ये एकदाही "किती भयंकर" वगैरे म्हटलं नाही, त्यामुळे मला त्या आवडल्या. मग त्यांनी चर्चशेजारच्या एका घराकडे बोट केलं. त्यांचे वडील इथल्या मोठ्या शेतावर मजूर होते, ते घर मालकाचं. वडिलांची पाठ निकामी झाली, काम सुटलं आणि कामाबरोबर घरही. "मी आठ वर्षांची होते. आमची गादी हातगाडीवर घालून बाहेर काढली, आणि गाव पडद्याआडून बघत होतं. वडील पुन्हा कधी या पुलावर आले नाहीत. मी इथे लोकांना गाव दाखवते हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं असतं."

"मग तुम्ही का येता?" नातीने विचारलं.

"राग येतो मला अजून," त्या म्हणाल्या. "पण या ओढ्यात मी मासे पकडलेत. तो काय मालकाचा आहे?"

परतताना नातीने पुलावरून एकदा कार पार्ककडे वळून बघितलं. मग म्हणाली, "आई, आजोबांची गाव मला बघायची आहे. तू पण चल. मला त्या साइडने बघायचंय, ओढ्याच्या त्या साइडने." मी म्हटलं, "आजोबांना आवडणार नाही." ती म्हणाली, "मग त्यांना विचार."

म्हणून हे लिहायला बसले. गाव दुष्ट होतं हे मला माहीत आहे. तुमच्या वडिलांना मयताचा सांगावा घेऊन भर पावसात गावोगाव जावं लागे आणि निरोप ओसरीवर न चढता, अंगणात भिजत सांगावा लागे, हे तुम्ही एकदाच बोललात, आणि त्यानंतर आम्ही कधी विचारलं नाही. तुमचा नकार तिथून आलाय. तो मोडायचा म्हणजे तुमचा शब्द मोडायचा, आणि तो मी आजवर कधी मोडला नाही.

पण अण्णा, एक गोष्ट आईने तुम्ही गेल्यावर मला सांगितली. थंडीत तुम्ही रुमालात बांधून बोरं आणायचात, आंबटगोड, लहानशी. बाजारातली बोरं तुम्ही तोंडात धरायचा नाहीत. ती बोरं तुमच्याच गावच्या फाट्यावरची होती. गाडी तिथे थांबली की तुम्ही खाली उतरायचात, ओढ्याच्या अलीकडे उभे राहायचात, आणि ड्रायव्हरने हॉर्न दिल्याशिवाय परत चढायचा नाहीत.

मी तिला हो म्हटलंय. तुमची परवानगी मागायला लिहीत होते, पण लिहिता लिहिता कळलं की मी ती मागत नाहीये. कुणी आम्हांला कसं वागवेल याची मला फारशी धास्ती नाही, त्याला तुमची नात पुरून उरेल. भीती वेगळीच आहे, आणि ती तिला सांगता येत नाही. ते गाव मला आवडलं तर?