पिवळी कार्डं

२१ जानेवारी, संध्याकाळ

बोटं अजून चिकट आहेत, वहीचं पानही चिकटतंय.

यंदा आंब्याच्या कलमांना मोहोर भरपूर आहे. त्यावर माशा बसल्या तर फळ धरतं, म्हणून आई दरवर्षी बांगड्याची डोकी कांद्याच्या पिशवीत घालून फांदीला टांगते. वासाने माशा येतात. मी यंदा मोहोराचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांसाठी दापोलीहून पिवळी चिकट कार्डं आणली आणि त्याच फांद्यांना लावली. तुडतुडे पिवळ्या रंगावर येतात, एवढं माहीत होतं. माशाही येतील हे डोक्यातच आलं नाही. खरंच आलं नाही, की नवीन काही आणल्याची ऐट जास्त होती?

आज पाहिलं तर कार्डावर तुडतुडे थोडे, माशाच जास्त. पायांना पराग तसाच.

आई एवढंच म्हणाली, "मी त्यांना जेवायला बोलवायचं, नि तू दारातच धरायचं?"



एक माशी अजून हलत होती. फणस कापताना लावतो तसं बोटाला खोबरेल लावलं आणि तिचा एकेक पाय सोडवला. पायांना पराग होताच. दहा मिनिटं तरी गेली असतील. मग ती माझ्या नखावर बसली, पंख पुसले आणि उडाली. आई बघत होती, म्हणून जरा बरंही वाटलं.

माशी सरळ शेजारच्या पिवळ्या कार्डावर जाऊन बसली.

 कार्डं उतरवण्यासाठी आई शिडी आणायला गेली.