तळ्यावर हाक मारायची नाही

७ जानेवारी

चि. टिटव्यास,
अ. उ. आ.

तळ्यावर हाक मारायची नाही, हात वर केला की पुरतं, असं बाबा तुला म्हणाले तेव्हा तू जेमतेम शाळेत जायला लागला होतास. तुझ्या अखंड बडबडीवरून त्यांनीच तुला टिटवी म्हणायला सुरुवात केली होती. त्या एका वाक्यावर तू तळ्यापुरता मुका झालास. सकाळपासून तेच डोक्यात घोळतंय.

बाबा तळ्यात पडून गेले, त्याला महिना झाला. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. जन्मभर तळ्याला सवत म्हणणारी आई आता रोज पहाटे बाबांची कानटोपी घालून तिथे जाते आणि काठावरून त्यांना मोठमोठ्याने हाका मारते. बदकं भर्रकन उडून जातात. हिवाळाभर पक्ष्यांसाठी येणारी मंडळी दुर्बिणी खाली करून माना फिरवतात. तिला कोण काय बोलणार? धड जेवत नाही, माझं ऐकत नाही. तू ये.

वाट पाहणारी,
ताई

१६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

येणार नाही. कारण तुला ठाऊक आहे, तरी लिहितो. बाबा डोळ्याला दुर्बीण लावून हंसांच्या रोखाने धक्क्यावरून पुढे पुढे सरकत होते. पुढची फळी कुजलेली मला मागून दिसली. मी हात वर केला. ताई, पाठमोऱ्या माणसाला मी हात दाखवला! ओरडलो असतो तर फार तर हंस उडाले असते.

आई हाका मारते ना, त्या मला ऐकू येतात. इथे ऑफिसात कुणी मागून हाक मारली तरी दचकतो. मला आता टिटव्या म्हणू नकोस.

आहे तेवढी माया राहू दे.
तुझा भाऊ

२ फेब्रुवारी

चि. टिटव्यास,
अ. उ. आ.

म्हणणारच. दुसरं नाव जिभेवर येत नाही.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. रागाव हवं तर. ती म्हणाली, त्या गाढवाला कळव, त्याच्या जागी त्याचा बाप असता तर तोही हातच वर करून उभा राहिला असता. मग भिंतीकडे तोंड फिरवून म्हणाली, पण ओरडायला हवं होतं गं त्याने. तुझ्यापासून हेही लपवत नाही.

काल तिचा आवाज पार बसला. डॉक्टरांनी बोलायचंच नाही म्हणून बजावलंय. आज मी मागोमाग गेले, तर ती काठावर नुसता हात वर करून उभी. एकही बदक उडालं नाही. मला ते बघवेना.

माझ्या घशातून तिथे आवाज फुटत नाही, मीही बाबांचीच. तू एकदा ये. तिच्या शेजारी उभा राहा आणि बाबांना हाक मार, लहानपणी घर डोक्यावर घ्यायचास त्या आवाजात. सगळं तळं उडून गेलं तरी चालेल. तू नाहीच म्हणशील, मला माहीत आहे. तरी ये.

तुझीच,
ताई