चाळिसांत एक

सांगली, ७ नोव्हेंबर १९९४
जूनपासून या वहीत एक अक्षर नाही, माफी मागते. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आज घडलं. वाईच्या कॉलेजात तासिकेवर संख्याशास्त्र शिकवण्यात पंधरा वर्षं गेली, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी मला संशोधन सहायकाची जागा मिळाली, पीएच.डी.च्या नोंदणीसकट! विषय माण तालुक्यातल्या तीनशे बायकांचा रक्तक्षय. दर तीन महिन्यांनी तपासणी. मार्गदर्शक गंगाधर सर. माझी मूळ प्रमाणपत्रं त्यांनी ठेवून घेतली, प्रबंध झाला की परत मिळतील. टेबल खिडकीशी आहे. फार दिवसांनी भूक लागली.

१५ नोव्हेंबर
दहिवडीपलीकडच्या वस्तीवर नुसत्या ओळखीसाठी गेले. फॉर्म भरणारा कृष्णात बरोबर होता. मेंढरं राखणारी हरणाबाई म्हणाली, "आवं बाई, आमी मेंढरं मोजतो आन् तुमी आमाला मोजताय व्हय?" सगळ्या हसल्या. मीही हसले. मागच्या फेरीत तिचं हिमोग्लोबिन सहा होतं.

२४ नोव्हेंबर
कृष्णातनं चाळीस फॉर्म कोरेच आणले. बायका मेंढरांमागं कोकणात उतरल्या. "वस्तीवर कुत्रं न्हाई मॅडम, रगात कुनाचं काढू?" सर म्हणाले, अंदाजानं भरा, रकाना रिकामा चालणार नाही. दोन दिवस नाही म्हटलं. मग भरले.
पण सगळ्या जिवंत दाखवणं मला पटेना. इतक्या रक्तक्षयात चाळिसांत एक मृत्यू धरावा लागतो. खोट्यातलं प्रमाण तरी खरं असावं, म्हणून डोळे मिटून यादीवर बोट ठेवलं. हरणाबाई. फेरी तीस तारखेला संपते, म्हणून तारीख पुढची धरली: मृत्यू २८ नोव्हेंबर, चक्कर येऊन. हा प्रामाणिकपणा झाला की त्याचं सोंग?

१२ डिसेंबर
हरणाबाई गेली. चिपळूणजवळ ओढ्यावर चक्कर येऊन पडली, असं कृष्णात सांगत होता. तारीख विचारली. अठ्ठावीस.
एका नोंदीवरून निष्कर्ष काढू नये, हे मीच वर्गात सांगत असे.

२० फेब्रुवारी १९९५
पुढची फेरी. उरलेल्या एकोणचाळीस जणी अजून कोकणातच. सगळ्यांपुढं 'जिवंत' लिहिलं.

२१ फेब्रुवारी
त्या एकोणचाळिसांतल्या मंगलच्या फॉर्मवरचं 'जिवंत' खोडलेलं. खाली 'मृत्यू'. अक्षर माझं आहे. मी लिहिलेलं नाही. नवा फॉर्म भरला.

२२ फेब्रुवारी
पुन्हा मंगल. आता तारीखही— २६. कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते.
सरांना सांगितलं. हसले. "अहो बाई, अंदाजाचे आकडे ते, त्यानं कोण मरतंय?" राजीनामा दिला तर घेत नाहीत. प्रमाणपत्रं देत नाहीत.

२३ फेब्रुवारी
फॉर्म जाळले. दुपारी गठ्ठा टेबलावर होता. मोजले. एकोणचाळीस.
मंगलला सहा महिन्यांची मुलगी आहे. कोकणात कुठल्या शेतात बसल्यात, कृष्णातलाही ठाऊक नाही. निरोप तरी कुठं—

२४ फेब्रुवारी
एक कोरा फॉर्म उरलाय. धरला तर चाळीस होतात.
त्यावर पेन्सिलीनं माझं नाव लिहिलं, शरयू. मंगलची तारीख फिकी झाली. नाव खोडलं. तारीख परत गडद.
तीनदा केलं. तिन्ही वेळा—
मी भरलेच नसते तर हरणाबाई—

उद्या: नाव शाईनं लिहिणे.