हाती क्रिंपर परत मिळण्याबाबत, मशीन सुस्थितीत असूनही

प्रति,
मा. भांडार अधिकारी,
विद्युत पॅनेल कारखाना.

विषय : स्वखुशीने जमा केलेला हाती क्रिंपर परत मिळणेबाबत.
संदर्भ : हत्यार निवडीचा फॉर्म, दि. २ जानेवारी (माझ्याच सहीचा).

महोदय,

१. मशीन निवडण्यात माझा फायदा काय होता, ते आधी सांगते. तारेच्या टोकावर टर्मिनल दाबून बसवण्यासाठी हाती क्रिंपरची मूठ मी दिवसाला आठशे वेळा आवळत असे. एकोणीस वर्षांत उजवे मनगट कामातून गेले. डॉक्टरांनी त्याला विश्रांती सांगितली. स्वयंचलित मशीनला नुसते पायाने पॅडल दाबायचे. म्हणून आपण विचारताच सर्वांत आधी हात मीच वर केला, तोही दुखरा.

२. एका कामगारास एकच हत्यार, या नियमाने क्रिंपर जमा करून घेऊन मला मशीन देण्यात आले. मशीनला रिळावरची टर्मिनल लागतात. भांडारात आहेत ती सुटी, सुमारे साठ हजार. ती संपल्याशिवाय रिळे मागवता येत नाहीत, आणि ती संपवायला क्रिंपरच हवा.

३. क्रिंपर मागितला असता भांडारातले भाऊ म्हणाले, "ताई, मशीन बिघडलंय असं लिहून द्या, लगेच बदलून देतो." मी म्हटले, बिघडायला ते आधी चालायला नको का? "मग सुस्थितीत आहे असं लिहितो," म्हणाले. आणि लिहिलेही.

४. तेव्हापासून मी साध्या पकडीने टर्मिनल दाबते. तिला दुप्पट जोर लागतो. तपासनीस काका प्रत्येक तार एकदा ओढून पाहतात. दहांतली चार टर्मिनल त्यांच्या हातात येतात. "तुझं काम असं नव्हतं गं," एवढे म्हणून ते नापास लिहितात. पुढील महिन्यापासून मला खोकी बांधायला पाठवण्याची नोटीस आली आहे. खोकी काही पॅडलने बांधली जात नाहीत.

५. माझा क्रिंपर आपल्या काचेच्या कपाटात, दुसऱ्या फळीवर आहे. मुठीवरची लाल टेप मी गुंडाळलेली आहे. ज्या हत्याराने हात गेला तेच परत मागते आहे, याची मला कल्पना आहे. तरी ते मिळावे.

६. सहा आठवड्यांचा हिशेब असा : मनगटाला सांगितलेली विश्रांती मशीनने घेतली, ते कव्हराखाली नवेकोरे आहे. सुटी टर्मिनल जवळजवळ तेवढीच आहेत. भाऊंचे कागद बिनचूक आहेत. माझी वेणी सकाळी मुलगी घालून देते.

सही डाव्या हाताची आहे. दप्तरातल्या सहीशी जुळत नाही म्हणून अर्ज परत पाठवू नये.

आपल्या कपाटासमोरून रोज जाणारी, नम्र,
(सही)
वायरिंग कामगार, टेबल क्र. ४
दि. १४ फेब्रुवारी

सोबत : डॉक्टरांची चिठ्ठी, निसटलेल्या टर्मिनलांची पिशवी, एक.