स्टेशन रोडचा लॉज आणि घरातली माझी खोली

मी, लिंगराज राजेश्वरअप्पा शेटे, वय एकाहत्तर, धंदा लॉज, मुक्काम स्टेशन रोड, परभणी, पूर्ण शुद्धीवर असताना स्वहस्ताने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत आहे. दबाव कोणाचाही नाही. दबाव टाकायला लॉजमध्ये दुसरे माणूसच उतरलेले नाही.

कलम १. लॉजची इमारत मुलगा शिवप्रकाश यास मिळावी. वडिलांनी शेवटच्या दुखण्यात माझ्या हातात इष्टलिंग देऊन वचन घेतले होते: रेल्वेचा प्रवासी कधीही येतो, म्हणून लॉजचे दार आतून लावायचे नाही आणि मालकाने गल्ल्यामागच्या खोलीतच झोपायचे. मी उभी हयात तिथेच झोपलो. बायको महादेवी वसमत रोडच्या घरी एकटी राहिली आणि एकटीच लिंगैक्य झाली. शिवप्रकाशवर असले कोणतेही बंधन नाही. त्याने लॉज विकावा, पाडावा, माझ्या फोटोलाही विचारू नये.

कलम २. वसमत रोडचे घर सून ईश्वरी हिच्या नावे करावे. शिवप्रकाश तोंड वाकडे करील, पण घर तिनेच चालते ठेवले आहे. महादेवीमागे तिथे माझी एक खोली उरली होती. थकलो की तिथे जाऊन पडू, एवढीच आशा होती. ईश्वरीने ती मोबाईलवरून पाहुण्यांना भाड्याने लावली. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "मामा, तुमी तर लॉजवरच झोपताव. खोली नुसती बंद ठिवून काय करायचं?" मी लॉजवर परत येऊन गल्ल्यामागे झोपलो.

या घरगुती धंद्याविषयी माझे मत इथे नोंदवतो, कारण दुसरीकडे कोणी ऐकत नाही. आम्हाला परवाना, आग विझवायची नळकांडी, पोलिसांत नावे कळवणे, वर विजेचा दर दुकानाचा. यांना दोन पडदे आणि दह्यासोबत धपाटे पुरतात. कृषी विद्यापीठात परीक्षेला येणारी पोरे, मानवतचे कापूसवाले, सगळे आमच्याकडे उतरत. आता म्हणे घरच्यासारखे पाहिजे. मग घर सोडून आलात कशाला?

लॉजवाल्यांच्या बैठकीत मी हेच तावातावाने बोललो आणि अशी घरे महापालिकेने बंद करावीत, असा ठराव मांडला. तेव्हा पलीकडच्या लॉजचा मालक नागेश याने मोबाईल पुढे केला. त्यावर भाड्याच्या खोलीच्या फोटोत महादेवीचा पलंग होता.

"लिंगराजअप्पा, हे तुमचंच घर न्हाई का? लोकांनी लय चांगलं लिव्हलंय."

तेव्हापासून धरले तर चावते, सोडले तर पळते. ठराव मागे घेतला तर मी फितूर. रेटला तर ईश्वरीचे काम बंद, आणि लॉजचे वीजबिल तिच्याच कमाईतून भरले जाते.

कलम ३. लॉजची पाटी नागेशला द्यावी, तिच्यावर त्याचा डोळा होताच. खाटा, गाद्या सटवाजीला द्याव्यात. खोल्या झाडणारा हा माणूस कोणी उतरलेले नसतानाही रोज चादरी बदलतो. त्याला थांब म्हणायचे मला धाडस होत नाही. महादेवीचे दागिने मुलगी शिवरंजनीला द्यावेत.

कलम ४. आम्हा लिंगायतांत मेलेल्या माणसाला बसवून नेतात. मला आधी घरी न्यावे, माझ्या खोलीत भिंतीला टेकवून बसवावे आणि थोडा वेळ दार लावून घ्यावे. मला हे फार मनापासून हवे आहे. मात्र त्या दिवशी खोलीत गिऱ्हाईक उतरलेले असेल, तर त्याला उठवू नये. मुक्कामी माणसाला उठवणे आमच्या धंद्यात बसत नाही. तसे असल्यास मला लॉजवरच बसवावे.

लिहिले ते पुन्हा वाचले, खोडण्यासारखे काही नाही, म्हणून खाली सही करतो.

लिंगराज राजेश्वरअप्पा शेटे (सही)

साक्षीदार:
१. दत्तराव गरुड, स्टेशन रोड (सही)
२. डॉ. धम्मशीला खिल्लारे (सही)

स्थळ: परभणी
दिनांक: १४ जुलै २०२४