टोयोटा आजीची, साखळी दोघा भावांची

मी, कोल्बी रे स्टॅम्पर, वय वर्षे पंचवीस, धंदा तेलविहिरीवर पडेल ते काम, मूळ राहणार बेनिंग क्रीक, ओक्लाहोमा, हल्ली मुक्काम नॉर्थ डकोटात वॉटफर्ड सिटीबाहेर कामगारांच्या तळावर, माझ्या स्वतःच्या एकतीस फुटी ट्रेलरात, म्हणजे चाकांवरच्या घरात, आज रविवारी सकाळी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. उजवा कान सुजलेला आहे, पण लिहायला कान लागत नाही. कालपासून बिअरचा थेंब घेतलेला नाही, याला तळावरची स्वयंपाकीण बेव्ह साक्षी आहे. कुणी धाक किंवा लालूच दाखवलेली नाही. शाळा मी दहावीत सोडली, तेव्हा भाषा जशी आहे तशी चालवून घ्यावी. अर्थ मात्र मी सांगतो तोच लावावा.

या कागदात एक गोष्ट अशी आहे, जी मी सहा वर्षं कुणाला सांगितलेली नाही. तिच्यापायी माझे बाबा व्हर्जिल स्टॅम्पर आणि त्यांचे सख्खे थोरले भाऊ डॉइलकाका एकमेकांशी बोलत नाहीत. ती खाली सहाव्या कलमात येईल. वाचणाऱ्याने आधीच पुढे उडी मारू नये. बाबा, हे तुम्हाला आहे.

मृत्युपत्राची वेळ का आली ते सांगतो. मंगळवारी विहिरीजवळ पाण्याचा टँकर चिखलात रुतला. साखळी लावून मी कंपनीच्या पिकअपने ओढत होतो. साखळीचा आकडा तुटला, तो मागची काच फोडून माझ्या कानाजवळून गेला आणि पुढच्या काचेतून बाहेर पडला. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलो होतो. पंधरा माणसं धावत आली. पहिल्याने दार उघडलं आणि विचारलं, "ओढणारी गाडी कोणती होती रे?"

मी जिवंत आहे की नाही, हा प्रश्न चौथ्या माणसाने विचारला.

त्या दिवशी जेवणघरात दीड तास वाद झाला. फोर्डवाले एका टेबलावर, शेव्हीवाले, म्हणजे शेव्हरोलेटवाले, दुसऱ्यावर, रॅम पिकअपवाले दाराजवळ उभे. दुसरी गाडी असती तर आकडा तुटला असता का, यावर लोक हमरीतुमरीवर आले. आकडा गंजलेला होता. गाडीचा काही संबंध नव्हता. ते मी दोनदा सांगितलं, पण मी फक्त आत बसलेला होतो, माझं कोण ऐकणार. बेव्हने कानाला बर्फ लावला आणि म्हणाली, "पोरा, हे लोक तुझ्या प्रेतावरसुद्धा इंजिनाची ताकद मोजत बसतील. काय मागे ठेवायचं ते लिहून ठेव."

म्हणून ही व्यवस्था.

कलम पहिले. माझं तपकिरी जाड जाकीट लॉनीला द्यावं. लॉनी माझा कामावरचा जोडीदार. ओढायच्या आधी साखळीवर काहीतरी जड टाकायचं असतं, म्हणजे ती तुटली तर उसळत नाही, खाली पडते. मी घाईत विसरलो. लॉनीने न सांगता स्वतःचं जाकीट काढून साखळीवर टाकलं आणि थंडीत कुडकुडत उभा राहिला. त्याच्या जाकिटाच्या चिंध्या झाल्या. आकडा बोटभर खाली आला असेल तो त्या जाकिटामुळे, आणि तेवढंच बोटभर पुरलं. लॉनी रॅमवाला आहे. तरीही द्यावं.

कलम दुसरे. वेल्डिंगचं हेल्मेट, पान्यांचा संच आणि मोठा जॅक हे बाबा आणि काका यांच्या वर्कशॉपला. बाबांना नाही, काकांना नाही, वर्कशॉपला. तिथे जमिनीवर पिवळ्या रंगाची रेघ मारलेली आहे. अलीकडे बाबा, पलीकडे काका. हवेचा पंप काकांच्या बाजूला, त्याचं बटण बाबांच्या बाजूला. काकांना हवा हवी असली की ते आपल्या गाडीचा हॉर्न दोनदा वाजवतात. बाबा बटण दाबतात आणि आपला हॉर्न एकदा वाजवतात, म्हणजे "घे". आजी म्हणते, सहा वर्षांत दोघांचं एवढंच बोलणं झालं. जॅक बरोबर रेघेवर ठेवावा.

कलम तिसरे. हार्मन प्रुइट याच्या पशुखाद्याच्या दुकानात गल्ल्याच्या मागे एक फोटो लावलेला आहे. त्यात मी बाबांच्या गाडीत बसून मागे मागे खेचला जातोय आणि माझं तोंड उघडं आहे. तो फोटो काढून माझ्याबरोबर पुरावा. प्रुइटने त्या फोटोचे टी-शर्टही छापले होते. ज्यांच्याकडे असतील त्यांनी ते गाडी पुसायला वापरावेत.

कलम चौथे. बँकेत जे असेल त्यातून चर्चच्या बायकांना केक मांडायचं नवीन टेबल घेऊन द्यावं. का, ते सहाव्यात. उरेल ते आईला, टल्सा इथे. ती साधी छोटी गाडी चालवते आणि गाड्यांबद्दल तिला काहीच म्हणायचं नसतं. लहानपणी मला वाटायचं, म्हणूनच तिला आमच्या घरातून जावं लागलं.

कलम पाचवे. बाबा, बसून घ्या. मी टोयोटा चालवतो.

जपानी पिकअप, चार वर्षं झाली. विलिस्टनची एक नर्स गाव सोडून चालली होती, तिच्याकडून घेतली. तुम्ही फोनवर विचारलंत, "काय चालवतोस?" तर मी "पांढरी" म्हणालो, आणि तुम्ही म्हणालात, "छान, पांढरी फोर्ड उठून दिसते." मी हवामानाचं विचारलं. काकांनाही मी "पांढरी" एवढंच सांगितलं होतं, आणि तेही खूश झाले होते.

ही टोयोटा मी माझी आजी ओपल स्टॅम्पर, वय चौऱ्याऐंशी, हिच्या नावे करतो. कारण असं. आजीला चर्चला न्यायचा रविवार वाटलेला आहे. पहिला आणि तिसरा बाबांची फोर्ड, दुसरा आणि चौथा काकांची शेव्ही. ज्या महिन्यात पाच रविवार येतात, त्या महिन्यात पाचवा कुणाचा यावर निकाल लागला नाही, म्हणून आजी पाचव्या रविवारी घरी बसते. पाद्र्यांना वाटतं, तिला दर तीन महिन्यांनी संधिवात होतो. आजी, तुझं लायसन्स अजून चालू आहे. जा तू आपली.

कलम सहावे. चार जुलैची गोष्ट.

बाबा आणि काका लहानपणापासून एकाच गोष्टीवर भांडत आले. वजन ओढायला आणि कामाला कोणती गाडी बरी. पण ते भांडण गोड होतं, जेवणात लोणचं असावं तसं. "ओढायला काय, खेचरही ओढतं," बाबा म्हणायचे. "भरलेला ट्रेलर घेऊन उतारावर थांबून दाखव, दादा." काका म्हणायचे, "थांबू कशाला? मला पोचायचं असतं." मग आजी आतून ओरडायची, "तुमच्या बापाने आयुष्यभर दोन खेचरांवर शेत केलं, पण खेचराच्या नावाची टोपी घालून कधी हिंडला नाही!"

सहा वर्षांपूर्वीच्या चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत, प्रुइटच्या दुकानामागच्या खडीच्या मैदानात निकाल लावायचा ठरलं. दोन गाड्या पाठीला पाठ, मध्ये आजोबांची साखळी, जो दुसऱ्याला रेघेपलीकडे ओढेल तो जिंकला. सगळं गाव खुर्च्या घेऊन आलं. बाबा मला म्हणाले, "तू चालव. माझी गाडी इतकी चांगली आहे की शाळेत नापास झालेला पोरगाही जिंकेल."

आता बाबांची गाडी जुनी. तिच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक चकती आहे. खाली उतरून, वाकून, ती हाताने फिरवली तरच पुढची चाकं जोर लावतात. नाहीतर आत बसून दांडा कितीही खेचा, गाडी मागच्या दोन चाकांवरच. हे आमच्याकडे बारा वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. मला माहीत होतं.

पण त्या दिवशी मी नवी जीन्स घातली होती. प्रुइटची मुलगी समोरच्या खुर्चीत लिंबूसरबत पीत बसली होती. जीन्स इतकी तंग होती की वाकलो असतो तर सगळ्या गावासमोर उसवली असती. मी म्हटलं, राहू दे, मागच्या दोन चाकांवरही जिंकू.

मी चाळीस फूट मागे गेलो. केकच्या टेबलावरून गेलो. त्यात आजीचे दोन केक होते.

लोक हसत असताना मी उतरलो. गाडीच्या पुढे, जिथून कुणाला दिसत नव्हतं, तिथे खाली बसलो. जीन्स उसवलीच. आणि मी दोन्ही चकत्या गुपचूप फिरवून ठेवल्या.

मग बाबा आले. त्यांनी चकत्या पाहिल्या, दोन्ही बरोबर. त्यांचा चेहरा मी अजून विसरलो नाही. ते सरळ काकांकडे गेले. "गाडीत वजन भरलंस तू, डॉइल. ताडपत्रीखाली काय आहे?"

"काही नाही. उघडून बघ ना."

"मला बघायची गरज नाही."

"मग मला पुन्हा दादा म्हणू नकोस," काका म्हणाले.

ताडपत्रीखाली खरंच काही नव्हतं, बाबा. मी साखळी जोडतानाच बघितलं होतं. एक रिकामी बादली होती.

पुढच्याच आठवड्यात मी उत्तरेला निघून आलो. लोकांना वाटलं पैशासाठी. तेव्हापासून मी चार ठिकाणं आणि सात नोकऱ्या बदलल्या. एका जागी बसलो की मला हॉर्न ऐकू येतात, एकदाचा आणि दोनदाचा.

कलम सातवे. आजोबांची साखळी. ती बाबांना वाटतं काकांनी चोरली, काकांना वाटतं बाबांनी. ती माझ्या ट्रेलरात पलंगाखाली आहे. मी नेली, कारण ती तिथे राहिली असती तर पुढच्या चार जुलैला पुन्हा जोडली गेली असती. ती दोघा भावांना मिळून देतो. मधून कापू नये.

कलम आठवे. माझा ट्रेलर गावी न्यायचा आहे. त्यासाठी बाबा आणि काका यांनी दोघांनी मिळून इथे यावं. बसने यावं, आपापल्या गाड्या घरी ठेवून. परत जाताना टोयोटाला ट्रेलर जोडावा आणि दोघांनी त्याच टोयोटात शेजारी शेजारी बसून अकराशे मैल जावं. दर पेट्रोलपंपावर चालवणारा बदलावा. वाटेत फोर्डला नावं ठेवायला हरकत नाही, शेव्हीला ठेवायलाही नाही. टोयोटाला ठेवू नयेत, ती आजीची आहे. ट्रेलर जोडताना कुणीतरी एकाने खाली उतरून मागे बघायला लागतं आणि दुसऱ्याला सांगायला लागतं, डावीकडे, अजून थोडं, बस. हॉर्नने ते सांगता येत नाही. ही अट पाळली नाही तर ट्रेलर लॉनीला जाईल आणि तो त्यावर रॅमच्या बिल्ल्यावरचं मेंढ्याचं डोकं रंगवेल.

कलम नववे. माझ्या दफनाला कुणी टोपीवर कुठल्याही गाडीचं नाव घालून येऊ नये. शवपेटी हाताने उचलावी. कोणती गाडी वाहील यावर वाद झालेला मला ऐकू येईल.

पुरवणी, त्याच दिवशी, दुपारी.

वरचं सगळं मी जेवणघरात साक्षीदारांना वाचून दाखवलं. लॉनीने सही केली आणि म्हणाला, "जाकीट आत्ताच दे ना. तू मरेपर्यंत हिवाळा संपेल." दिलं.

बेव्हने सही करायला पेन घेतलं आणि खाली ठेवलं. म्हणाली, "म्हणजे तू मेल्यावर ते दोघं बोलणार?"

"हो."

"आणि तू म्हातारा होऊन मेलास तर?"

मी लॉनीकडे बघितलं. तो जाकिटाची चेन लावत होता.

"तुझी आजी चौऱ्याऐंशीची आहे ना रे? थँक्सगिव्हिंगच्या सणाला दोन पंगती वाढते म्हणालास. बाराला एका मुलाची, चारला दुसऱ्याची. आणि मधे ती तीन वाजता एकटी बसून जेवते. किती वर्षं वाढणार?" मग तिने सही केली, पेन माझ्या अंगावर फेकलं आणि म्हणाली, "बाकी मृत्युपत्र झकास आहे. फक्त मरायची वाट बघणारा गाढव आहे."

म्हणून आठवं कलम रद्द करतो आणि पाचवं दुरुस्त करतो. टोयोटा आजीची, पण ताबा मेल्यावर नाही. हा कागद मी उद्या आजीच्या पत्त्यावर टाकतो. आजी, थँक्सगिव्हिंगला दोघांनाही तीन वाजता बोलाव. येणार नाहीत, म्हणून प्रत्येकाला सांग की दुसरा येणार नाही. जेवायला बसले की सहावं कलम मोठ्याने वाच. चष्मा लावून, सावकाश. जीन्सचं वाचताना हसलीस तरी चालेल.

नोव्हेंबरमध्ये यंदा पाच रविवार आहेत. तीस तारखेला, थँक्सगिव्हिंगनंतर तीन दिवसांनी, पाचव्या रविवारी, सकाळी साडेनऊला मी टोयोटा आणि मागे ट्रेलर घेऊन तुझ्या दाराशी उभा असेन. तुला चर्चला नेईन. बाबांना मला मारायचं असेल, काकांना मारायचं असेल, तर दोघांनी चर्चच्या पायऱ्यांवर एकत्र यावं. मी दोघांना वेगवेगळा भेटणार नाही. मारून झालं की ट्रेलर मागे घेत अंगणात लावायला कुणीतरी मागे उभं राहून सांगायला लागेल. साखळी पलंगाखालीच आहे.

या वेळी सैल पँट घालून येईन.

वरील मजकूर माझा आहे, माझ्या हाताचा आहे, आणि त्यातला शब्दन्‌शब्द खरा आहे, म्हणून खाली सही करतो.

कोल्बी रे स्टॅम्पर

साक्षीदार:
१. बेव्हर्ली नूड्सन, स्वयंपाकीण. (वाचून सही केली. पोरगा शुद्धीत आहे, एवढं खरं.)
२. लॉनी ड्यूप्री, जोडीदार. (मेंढ्याचं डोकं चांगलं दिसलं असतं.)

ठिकाण: तळाचं जेवणघर, वॉटफर्ड सिटीबाहेर, नॉर्थ डकोटा
तारीख: ९ नोव्हेंबर २०२५, महिन्यातला दुसरा रविवार, म्हणजे काकांचा